कलाटणी आधी कळली तर हातात काय उरतं?

रानजाई

आधी सूचना. या धाग्यात हिंदी 'दृश्यम'चा शेवट लगेच खालच्या परिच्छेदात फुटणार आहे. प्रतिसादांत आणखी काही फुटतील. ज्यांना बघायचंय त्यांनी बघून या, मग वाचा. लिहिणाऱ्यांना विनंती, सिनेमाचं किंवा नाटकाचं नाव अगदी वर लिहा, म्हणजे ज्याला नको असेल तो खाली सरकेल.

२०१५ चा ऑगस्ट. 'दृश्यम' लागून आठवडा झाला होता. मी नि माझ्या धाकट्या बहिणीने शनिवारच्या रात्रीच्या खेळाची तिकिटं काढून ठेवली होती. शुक्रवारी दुपारी ऑफिसात डबे उघडले आणि समोरचा सहकारी पोळी मोडता मोडता म्हणाला, "भारी आहे. प्रेत शेवटी पोलीस ठाण्याच्या खालीच असतं!" माझा घास हातातच राहिला. त्याने मुद्दाम केलं नाही, त्याला वाटलं मी पाहिलाय. पण मला खरंच रडू आलं. इतक्या साध्या गोष्टीसाठी रडू यावं याचं तेव्हा नवल वाटलं होतं, आता वाटत नाही.

शनिवारी गेलो. बहिणीला काही बोलले नाही. आणि मग अडीच तास आम्ही दोघी शेजारी बसून दोन वेगळे सिनेमे पाहिले. ती साळगावकर कुटुंबाकडे बघत होती, मी विटांकडे. नव्या ठाण्याचं बांधकाम दिसलं की माझ्या पोटात गोळा यायचा आणि तिला त्याचा पत्ताही नसायचा. त्या कुटुंबाचा बाप विजय पोलिसांपुढे शांतपणे उभा राहून उत्तरं देतो, तेव्हा तो शांतपणा कुठून येतोय हे मला माहीत होतं, त्यामुळे अजय देवगणचा न हलणारा चेहरा मला जास्त भीतिदायक वाटला. पण पोलीस घरामागची जमीन उकरतात त्या प्रसंगात अख्खं थिएटर श्वास रोखून बसलं होतं आणि मी मात्र कोरडी. तिथे काही सापडणार नाही हे मला ठाऊक होतं. त्या आईचा, त्या मुलींचा जीव टांगणीला लागलाय आणि मी त्यांच्यासोबत घाबरू शकत नाही, हे मला फार लागलं.

शेवट आला. बहिणीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. मी पडद्याकडे बघितलंच नाही, तिच्याकडे बघत राहिले. तोंड अर्धवट उघडं, डोळे मोठे, आणि मग हळूहळू पसरत गेलेलं हसू. तिच्या मनात मागचा सगळा सिनेमा परत फिरत होता, ते ठाणं, ते बांधकाम, सगळं. तिला ते मिळालं याचा आनंद झाला आणि माझं काहीतरी कायमचं गेलं असंही वाटलं.

त्यानंतर तीनदा पाहिलाय. दर वेळी आवडलाय, नवीन काही दिसलंय. म्हणून माझं मत असं झालंय की चांगल्या कलाटणीत दोन सुखं असतात. एक उडी मारल्यासारखं, एकदाच मिळणारं. दुसरं मागे वळून बघण्याचं, कितीही वेळा मिळणारं. पहिलं हुकलं तरी दुसरं राहतं. पण पहिल्याची भरपाई दुसऱ्याने होते का? तुमचा अनुभव काय? आणि कुठली कलाटणी फसवणूक वाटते, कुठली नाही, हेही लिहा.

खिडकीतलीजागा

'दृश्यम'बद्दलच. मी तुमच्या बहिणीच्या बाजूची. मला शेवट माहीत नव्हता आणि घरी येताना रिक्षात आम्ही चौघं एक अक्षर बोललो नाही. रिक्षातून उतरल्यावर एकदम सगळे बोलायला लागलो. ती शांतता मला कोणी विकत दिली तरी परत मिळणार नाही. भरपाई होत नाही, असं माझं स्पष्ट मत.

मांडवीकाठ

मी गोव्याचा, त्यामुळे 'दृश्यम' जरा जास्तच बारकाईने पाहिलाय. मूळ सिनेमा मल्याळम, जीतू जोसेफ यांचा, २०१३ चा. हिंदीत तो निशिकांत कामत यांनी गोव्यात आणला. 'डोंबिवली फास्ट' करणारा आपला माणूस, २०२० मध्ये फार लवकर गेला. पांडोळे हे गाव शोधायला जाऊ नका, ते कथेतलं आहे. पण केबलवाला, नाक्यावरचं खाण्याचं दुकान, समोर पोलीस चौकी, बसने पणजीला जाणं, हे सगळं आमच्याकडच्या कुठल्याही तालुक्यात बसेल.

रानजाई, तुमच्या सहकाऱ्याने प्रेताची जागा सांगितली, पण खरी कलाटणी फोडलीच नाही असं मी म्हणेन. माझ्या मते ती तारखेची आहे. २ ऑक्टोबरला पणजीत स्वामीजींचा सत्संग, हॉटेल, सिनेमा, पावभाजी. बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरातला माणूस, सगळे पोलिसांना सांगतात की हो, हे कुटुंब त्या दिवशी इथे होतं. आणि त्यांतला एकही माणूस खोटं बोलत नाही! प्रवास खरा, माणसं खरी, बिलं खरी, तारीख तेवढी सरकवलेली. विजय पुन्हा त्या त्या जागी जातो, गप्पा मारतो, आणि बोलता बोलता समोरच्याच्या डोक्यात तारीख ठेवून येतो. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस विसरत नाही, पण कधी पाहिलं ते विसरतो, या एका गोष्टीवर अख्खी रचना उभी आहे.

मला हे उलगडलं तेव्हा मी सिनेमाबद्दल विचार करणं थांबवून स्वतःबद्दल विचार करायला लागलो. गेल्या महिन्यात मी म्हापशाच्या बाजारात कुणाला भेटलो ते मी छातीठोकपणे सांगेन, पण शुक्रवार होता की आणखी कुठला वार ते कोणीही मला पटवून देऊ शकेल. प्रेत कुठे पुरलं ही माहिती झाली. तारखेची गोष्ट मात्र घरापर्यंत माझ्यासोबत आली.

रानजाई

मांडवीकाठ, हे मला सुचलंच नव्हतं. आणि खरंच, ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तब्बूच्या तोंडून त्याचा उलगडा होतो तेव्हा मीही खुर्चीत पुढे सरकले होते. म्हणजे पूर्ण हुकलं नव्हतं. इतक्या वर्षांनी बरं वाटलं.

तिसरीघंटा

एका न छापलेल्या नाटकाबद्दल आणि 'शांतता! कोर्ट चालू आहे'बद्दल.

मी हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं प्रकाशयोजना सांभाळतोय. लोक नाटक बघतात तेव्हा मी डिमरवर हात ठेवून लोक बघतो. त्यामुळे कलाटणी लागली की फसली हे मला अंधारातसुद्धा कळतं. लागली तर खुर्च्या करकरतात. फसली तर खोकले सुरू होतात.

आमच्यातल्याच एकाने रहस्यनाट्य लिहिलं होतं. वाड्यातल्या म्हाताऱ्या मालकाला काढ्यातून विष दिलं जातं. संशय मुलावर, सुनेवर, भाच्यावर. शेवटी कळतं की ते घरच्या जुन्या, विश्वासू कारकुनाने दिलं. राज्य नाट्य स्पर्धेआधी गावातल्या सभागृहात दोन प्रयोग लावले होते. पहिल्या प्रयोगात लेखकाने नि नटाने मिळून कारकून इतका लपवला की पहिल्या अंकात तो जवळजवळ भिंतीचा भाग होता. रहस्य उघडलं आणि प्रेक्षागृहातून आवाज आला, "हं." बस. एवढंच. कोणी चुकीचं ओळखलं नव्हतं आणि बरोबरही ओळखलं नव्हतं, कारण ओळखायला काही दिलंच नव्हतं.

रात्री दिग्दर्शिकेने सगळ्यांना थांबवून घेतलं. तिने एकच बदल केला. पहिल्या अंकात मुलगा आणि सून यांचं जोरदार भांडण आहे. त्या भांडणात कारकुनाने मंचाच्या मधोमध यायचं, तांब्यातलं पाणी घेऊन हात धुवायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे, आणि आपल्या जागी बसून वही उघडायची. चोरून करायचं नाही. मला सांगितलं, भांडणावर पूर्ण प्रकाश, पण हातांवरचाही कमी करू नकोस, दिसले पाहिजेत. लेखक घाबरला, म्हणाला लोक ओळखतील. ती म्हणाली, "ओळखू देत की."

दुसरा प्रयोग. हात धुताना साडेतीनशे लोकांनी पाहिलं आणि एकानेही पाहिलं नाही, सगळे सुनेचं बोलणं ऐकत होते. शेवटी कारकून पुढे आला, काही बोलायच्या आधीच तिसऱ्या रांगेतल्या एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, हात धुतले होते त्याने!" आणि त्या एका वाक्याने सभागृह उसळलं. माझ्या हाताखालचा डिमर थरथरत होता, खोटं नाही सांगत.

त्या बाईंना आनंद कसला झाला होता? त्यांना फसवलं गेलं याचा नक्कीच नाही. उत्तर त्यांच्याकडे आधीपासून होतं, ते त्यांना स्वतःच्याच पदरात सापडलं. म्हणून रानजाई, फसवणूक कुठली या प्रश्नाला माझं उत्तर असं, की हात धुताना दाखवले होते का ते बघा.

'शांतता'बद्दल थोडंच. तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं. त्यात वेळ घालवायला म्हणून खोट्या खटल्याचा खेळ सुरू होतो, बेणारेबाईंना आरोपी करतात, आणि आरोप खेळातला राहत नाही. तिथे कोणी मुखवटा काढत नाही, कोणी खुनी निघत नाही. खेळ कुठल्या क्षणी खरा झाला ते नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही. मी हे नाटक वेगवेगळ्या संघांचं सहा वेळा पाहिलंय आणि दर वेळी तो क्षण मला वेगळ्या वाक्यावर सापडला.

उंबरठा

मी वेगळ्या बाजूने बोलतो. मला कलाटण्यांचा वीट आलाय.

रोज रात्री जेवणं झाली की आम्ही नवरा-बायको एखादी मालिका लावतो. आठ भाग, आठ शेवट, आठ धक्के. चौथ्या भागात मेलेला माणूस सातव्यात जिवंत. बहीण म्हणून आलेली बाई बहीण नसते. पोलीस चोर असतो, चोर पोलीस असतो. धक्कातंत्राचा अतिरेक झाला की काय होतं माहितेय? मी कुणावर जीव लावणंच सोडून दिलंय. कोणी रडत असेल तर मला वाटतं, हे खोटं निघणार. कोणी मेलं तर वाटतं, येईल परत. गेल्या महिन्यात एका मालिकेत एका म्हाताऱ्याचा मृत्यू दाखवला, फार सुंदर केला होता त्या नटाने, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. बायको म्हणाली, "तू पूर्वी असा नव्हतास." तिचं खरं होतं. मला या लोकांनी संशयी करून ठेवलंय.

लहानपणी वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आणून एका बैठकीत संपवायचो. तिथेही रहस्य असायचं, वेषांतर असायचं. पण त्यांचा नायक झुंझार हा झुंझारच असायचा. एक माणूस तरी असा लागतो की ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल, मग बाकी जग कितीही फिरवा.

फ्रेम२४

'व्हर्टिगो'चा शेवट येणार आहे, न पाहिलेल्यांनी थांबा.

उंबरठा, तुमच्या तक्रारीवर हिचकॉकचं जुनं उदाहरण आठवलं. फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रसिद्ध मुलाखतीत ते येतं. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारतायत, टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला माहीत नसेल तर बॉम्ब फुटल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. आधी बॉम्ब दाखवला आणि घड्याळ दाखवलं, तर त्याच कंटाळवाण्या गप्पांतून पंधरा मिनिटं जीव खालीवर होतो. बहुतेक लोक इथेच थांबतात. पण त्यांचं पुढचं म्हणणं असं होतं की शेवटची कलाटणी हाच जर गोष्टीचा गाभा असेल, तर ती लपवणं योग्य.

आणि हेच त्यांनी १९५८ च्या 'व्हर्टिगो'मध्ये उलटं करून दाखवलं. मूळ फ्रेंच कादंबरीत दोन बायका एकच होत्या हे अगदी शेवटी कळतं. सिनेमात ते जवळजवळ एक तृतीयांश भाग शिल्लक असतानाच आपल्याला सांगून टाकतात. नायक खोलीतून बाहेर जातो, जूडी कॅमेऱ्याकडे बघते, मनोऱ्यावर खरं काय घडलं ते दिसतं, मग ती कबुलीचं पत्र लिहिते आणि फाडून टाकते. त्या फाटलेल्या कागदानंतर सिनेमाचा प्रश्नच बदलतो. 'ही कोण' हा प्रश्न संपतो, 'त्याला कळेल तेव्हा काय होईल' हा सुरू होतो. तो तिला तसेच कपडे घ्यायला लावतो, तसेच केस बांधायला लावतो, आणि आपण ते तिच्या बाजूने बघत राहतो. गुपित राखलं असतं तर आपण फक्त त्याच्या बाजूने राहिलो असतो आणि तिचं दुःख आपल्याला दिसलंच नसतं.

मी संकलन करतो. तिथे रोज हाच एक प्रश्न असतो, की ही गोष्ट आत्ता कुणाला कळू द्यायची. प्रेक्षकाला आधी, पात्राला आधी, की दोघांना एकदम. एखादं दृश्य दोन मिनिटं मागे सरकवलं की रहस्यकथेची शोककथा होते. टेबलावर बसून हे करताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

टाचणी

कुठलाही शेवट फोडत नाहीये, निर्धास्त वाचा.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून सांगते, याच प्रश्नावर प्रयोग झालेत. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी लोकांना बारा लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधी सांगितला, काहींना नाही. कलाटणीच्या कथा, रहस्यकथा आणि साहित्यिक कथा, असे तीन प्रकार होते. शेवट आधी कळलेल्यांनी कथांना एकूणात थोडे जास्तच गुण दिले! एक कारण असं सुचवलं गेलं की पुढे काय याची चिंता नसली की वाचणं सोपं होतं आणि लक्ष बाकीच्या गोष्टींकडे जातं. रानजाई विटांकडे बघत होत्या, तसंच.

पण २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबाउम यांच्या अभ्यासात उलटं निघालं, शेवट फोडलेल्या कथांमध्ये लोक कमी रमले. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही. माझी स्वतःची शंका वेगळीच आहे. या प्रयोगांत माणूस एकटा बसून, अनोळखी, छोटीशी कथा वाचतो आणि शेवटी आकडा लिहितो. बहिणीने धरलेलं मनगट त्या आकड्यात कुठे मोजणार? खिडकीतलीजागा यांनी लिहिलेली रिक्षातली शांतता कुठल्या रकान्यात भरणार?

खिडकीतलीजागा

टाचणी, +१. मी ते लिहिलं तेव्हा एवढा विचार केला नव्हता, पण हो, आम्ही चौघं होतो म्हणूनच ती शांतता होती. एकटीने पाहिला असता तर फोन उघडून बसले असते.

पारिजातक

'शाकुंतल'बद्दल. याचा शेवट फुटला म्हणून कोणी रागावणार नाही असं धरून चालते.

मी अकरावी-बारावीला संस्कृत शिकवते. मुलं दरवर्षी विचारतात, बाई, सगळ्यांना गोष्ट माहीत असताना लोक नाटक बघायला का जायचे? तेव्हा मी आधी महाभारतातली शकुंतला सांगते. आदिपर्वातल्या त्या गोष्टीत शाप नाही आणि अंगठीही नाही. दुष्यंत तिला ओळखतो, पण लोक काय म्हणतील म्हणून ओळख नाकारतो, शेवटी आकाशवाणी होते तेव्हा स्वीकारतो. मुली फार चिडतात. मग कालिदासाने काय केलं ते उघडायचं. प्रेक्षकाला पाठ असलेल्या गोष्टीत त्याने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणली. म्हणजे गोष्ट माहीत असलेल्या माणसालाही चौथ्या अंकात नवीन काही कळतं.

आणि ते कुणाला कळतं बघा. शाप अनसूया-प्रियंवदा ऐकतात, आपण ऐकतो. शकुंतलेला पत्ता नाही. मैत्रिणी ठरवतात की हिला सांगायचं नाही, फक्त निघताना म्हणतात की राजाने ओळखलं नाही तर अंगठी दाखव. ती दचकते. पाचव्या अंकात भर दरबारात ती बोटाकडे हात नेते आणि अंगठी नसते. वर्गात हे वाचताना दरवर्षी एक तरी मूल हळूच स्वतःच्या बोटाकडे बघतं. मी ते बघायला टपून असते. फ्रेम२४ यांनी टेबलाखालचा बॉम्ब लिहिला, माझ्या डोळ्यांसमोर ते रिकामं बोट आलं.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. नाट्यशास्त्रात नाटकाचे पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, सांगितलेत, मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. नाटकात बाकी कुठलेही रस असोत, शेवटच्या निर्वहण संधीत अद्भुत रस योजावा असं भरतमुनी सांगतात. शेवटी आश्चर्य हवं ही अपेक्षा इतकी जुनी आहे! पण अद्भुताचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, विस्मय. माशाच्या पोटात अंगठी सापडते हे आपल्याला माहीत असतं, तरी राजाच्या हातात ती येते आणि त्याला सगळं आठवतं तेव्हा विस्मय वाटतोच. उंबरठा ज्याला कंटाळलेत तो नुसता हिसका आहे, विस्मय वाटायला थोडा वेळ लागतो.

बांधावरून

'सैराट'.

तालुक्याच्या गावी पाहिला, २०१६ चा मे महिना, पंखे गरगरतायत, 'झिंगाट'ला पोरं पडद्यापुढे नाचली. शेवटाला तीच पोरं पुतळ्यासारखी उभी.

हा धागा वाचून मी विचार करत होतो की ती कलाटणी म्हणायची का. अचानक होतं म्हणावं तर तसं नाही. आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात सरांच्या थोबाडीत मारतो ते आम्ही सुरुवातीलाच पाहिलेलं. ते घर कसं आहे ते आम्हाला माहीत होतं, आणि सिनेमा सोडा, आमच्या आजूबाजूला काय होतं तेही माहीत होतं. नागराज मंजुळेंनी काय केलं, तर आम्हाला ते विसरायला लावलं. हैदराबादची खोली, मग फ्लॅट, स्कूटर, भांडण, समेट, मूल. इतकं रोजचं, साधं दाखवलं की आम्हाला वाटलं, सुटली बाबा ही दोघं. आणि मग माहेरची माणसं आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन दारात उभी राहतात. आर्ची चहा टाकते.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ओळख ना पाळख. चहा टाकला तेव्हा ते पुटपुटले, "नको पोरी." त्यांना कळलं होतं. मला नव्हतं कळलं. मी त्यांच्याकडे वैतागून बघितलं, की बडबड का करताय. दोन मिनिटांनी ते बाळ शेजारणीबरोबर परत आलं, आवाज बंद झाला, आणि लाल पावलं उमटत गेली.

रानजाई, तुम्ही म्हणता दुसरं सुख कितीही वेळा मिळतं. मी 'सैराट' परत लावला तर चहाच्या आधी बंद करतो. मध्ये तो संसार मांडतात तिथेच आता मला रडू येतं, जिथे पहिल्यांदा हसलो होतो. याला सुख म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा, पण सिनेमा त्यामुळे लहान झाला नाही, मोठाच झाला.

तिसरीघंटा

बांधावरून, "नको पोरी" वाचून थांबलो. आणखी काही लिहीत नाही.

ओसरी

'पाठलाग' आणि त्यावरून हिंदीत झालेला 'मेरा साया'. दोन्हींचं रहस्य खाली आहे.

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. चार वर्षांपासून तिची स्मृती जातेय. सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नाही. पण तिला सिनेमा हवा असतो आणि तिचा आवडता एकच, १९६४ चा राजा परांजपे यांचा 'पाठलाग'. काशिनाथ घाणेकर आणि भावना. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरचा. १९६६ चा 'मेरा साया' त्यावरूनच. आई कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर गेली होती, ते मात्र अजून सांगते, कुठली साडी होती तेसुद्धा.

गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. वकिलाची बायको वारलेली, आणि तशीच दिसणारी एक बाई आरोपी म्हणून समोर येते नि म्हणते, मीच तुमची बायको. शेवटी कळतं की गेली ती जुळी बहीण, आणि ही खरंच त्याची बायको.

मी तो तिला आठवड्यातून एकदा लावून देते. आणि दर आठवड्याला ती पहिल्यांदा बघते. "ही कोण गं? खरी का ही?" दर वेळी तोच प्रश्न, तोच काळजीचा आवाज. सुरुवातीला मला वाटलं, उगाच तिच्या जिवाला घोर. एकदा मी सांगून टाकलं, "आई, खरी आहे ती. बायकोच आहे. मेली ती बहीण." आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग मी कशाला बघू?" आणि तोंड फिरवून पडून राहिली. संध्याकाळपर्यंत बोलली नाही माझ्याशी. का रागावली ते ती विसरली असेल, पण राग राहिला होता.

तेव्हापासून मी सांगत नाही. विचारलं की म्हणते, "बघू या की." तिचा हात हातात घेऊन बसते. आणि एक गोष्ट मी इथेच लिहिते, घरात कुणाला सांगितलेली नाही. 'या डोळ्यांची दोन पाखरे' सुरू झालं की आई गुणगुणते, शब्द बरोबर असतात सगळे. आणि हल्ली त्या गाण्यानंतर ती विचारत नाही, ही कोण म्हणून. शांत होते. मागच्या गुरुवारी गाणं संपल्यावर आपणहून म्हणाली, "येईल हो ती परत." तिला शेवट आठवतो की गाण्यातून कळतो, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही विचारलेलं नाही. विचारायचं नाहीये.

पारिजातक

ओसरी, डोळे भरून आले. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगू का? नाव-गाव काही न सांगता.

ओसरी

सांगा ना. आईला आवडेल. तिनेही शिकवलंय तीस वर्षं.

उंबरठा

आत्ताच बायकोला ओसरींचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. मालिका आज लावली नाही. 'पाठलाग' शोधतोय, दोघांनीही पाहिलेला नाही. शेवट माहीत झालाय आता, तरी बघणार.

फ्रेम२४

उंबरठा, बघा आणि इथे लिहा. शेवट माहीत असताना ते गाणं कसं वाटतं ते मला ऐकायचंय. डोळ्यांची दोन पाखरे, आणि गोष्ट दोन बहिणींची. त्या 'दोन'वर आज माझं पहिल्यांदाच लक्ष गेलं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मी दोन सुखं मोजून बसले होते, तुम्ही सगळ्यांनी माझा हिशोब मोडला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये. ओसरी, तुमच्या आईंचं "मग मी कशाला बघू" मी कागदावर लिहून ठेवलंय. ऑगस्ट २०१५ च्या त्या शुक्रवारी मला नेमकं हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

एक सांगायचं राहिलं. ज्या बहिणीने मनगट धरलं होतं, तिची मुलगी आता तेरा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस माझ्याकडे येतेय. तिने 'दृश्यम' पाहिलेला नाही. शाळेत "दोन ऑक्टोबर, सत्संग, पावभाजी" एवढं कानावर पडलंय, त्यापलीकडे काही माहीत नाही, मी हळूच चाचपून पाहिलं. बहिणीला, मेव्हण्यांना, माझ्या नवऱ्याला, सगळ्यांना बजावून ठेवलंय की कोणी तोंड उघडायचं नाही. भाऊबीजेच्या रात्री लावणार आहे. मी तिच्या डाव्या बाजूला बसणार, बहीण उजव्या.